कागदाहून उजळ

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात. दगडी पायऱ्यांवर हजारो दिवे, पाण्यात त्यांची थरथरती प्रतिबिंबं आणि वर अजून न उजाडलेलं आभाळ. तिथे काढलेला फोटो घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडला, की बहुतेक फोटोग्राफर हिरमुसतात. घाट आहे, माणसं आहेत, रंगही आहेत, पण दिवे लागलेले वाटत नाहीत. ज्योतीच्या जागी पिवळट पांढरा ठिपका दिसतो, आणि तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याइतकाच उजळ असतो. प्रत्यक्षात ज्योत त्या सदऱ्याच्या कितीतरी पट उजळ होती. कॅमेऱ्याने ते बऱ्यापैकी टिपलंही होतं. हरवलं ते नंतर, पडद्यावर येताना.

हे हरवणं टाळायची सोय आता एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. ॲडोबीने ती ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅमेरा रॉमध्ये चाचणी म्हणून दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लाइटरूम व लाइटरूम क्लासिकमध्ये आणली. तेव्हापासून ‘एचडीआर’ नावाचं एक छोटं बटण तिथे बसलेलं आहे. अनेकांनी ते एकदा दाबून पाहिलं, फोटो भगभगीत झाला, आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाहीत. माझंही पहिले काही महिने तेच झालं. चूक बटणाची नव्हती. बटण दाबण्याआधी दोन-तीन गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि दाबल्यावर हात बराच आवरावा लागतो.

आधी नावाचा घोळ

एचडीआर म्हटलं की पंधरा वर्षांपूर्वीचे किल्ल्यांचे फोटो आठवतात. ढगांना काळी किनार, बुरुजाचा दगड न् दगड ओरडतोय, झाडांभोवती पांढरी वलयं. त्या फोटोंनी या नावाला जो बट्टा लावला तो अजून पुसला गेलेला नाही. त्या पद्धतीत एकाच दृश्याचे तीन किंवा पाच फोटो वेगवेगळ्या एक्सपोजरला काढायचे आणि सॉफ्टवेअरने ते एकत्र करायचे. कल्पना जुनीच आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्रासाठी एक निगेटिव्ह आणि आभाळासाठी दुसरी वापरून एकच छापील चित्र तयार करत असे. संगणकावर हे काम शास्त्रशुद्ध कसं करावं याचा शोधनिबंध पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडला. फोटोशॉपमध्ये त्यासाठीची आज्ञा २००५ मध्ये, सीएस२ आवृत्तीत आली.

या सगळ्या खटाटोपात एक अडचण कायम होती. उजेडाची एवढी मोठी पट्टी गोळा केली तरी ती दाखवणारा पडदा नव्हता. मग ती सगळी पट्टी साध्या पडद्याच्या मापात कोंबावी लागे. या कोंबण्यालाच टोन मॅपिंग म्हणतात, आणि ती काळी किनार, ती वलयं ही सगळी त्या कोंबण्याची लक्षणं होती.

आता ज्या एचडीआर एडिटिंगबद्दल बोलतोय त्यात दाखवणारा पडदाच मोठ्या पट्टीचा असतो, त्यामुळे कोंबावं लागत नाही. त्यासाठी पाच फोटोही लागत नाहीत, एक नीट काढलेली रॉ फाइल पुरते. पाच फोटो जोडून केलेली डीएनजी फाइल असेल तर तीही चालते, पण ती अट नाही. नाव तेच ठेवल्यामुळे झालेला गोंधळ मात्र आपल्यालाच निस्तरायचा आहे.

पांढरा म्हणजे नेमका किती?

छापील फोटोत सर्वांत उजळ काय असू शकतं? कोरा कागद. कागद स्वतः प्रकाश देत नाही, खोलीतला प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे छापलेली ज्योत, छापलेला सूर्य आणि छापलेला सदरा या तिघांनाही कागदाच्या पांढऱ्यापलीकडे जाता येत नाही.

संगणकाचे पडदे स्वतः प्रकाश देतात, तरी त्यांनी कागदाचाच नियम उचलला. नव्वदच्या दशकात एसआरजीबी हे मानक ठरलं तेव्हा पडद्याचा पांढरा ८० निटांचा धरला होता. निट हे पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप, एका चौरस मीटरला एक कँडेला. कँडेला म्हणजे मूळची मेणबत्तीच. आठ बिटांच्या जेपेग फाइलमध्ये तिन्ही रंग २५५ वर गेले की पांढरा झाला आणि तिथेच जग संपलं. पणतीच्या खऱ्या ज्योतीचा उजळपणा मात्र काही हजार निटांत मोजावा लागतो.

हे छत आधी सिनेमा आणि टीव्हीवाल्यांनी फोडलं. २०१४ मध्ये पीक्यू नावाची मांडणी मानक झाली. तीत १०,००० निटांपर्यंतचे आकडे लिहायची सोय आहे. बीबीसी आणि जपानची एनएचके यांनी मिळून एचएलजी नावाची दुसरी मांडणी केली. २०१६ मध्ये या दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय शिफारशीत आल्या. स्थिर फोटो मात्र बरीच वर्षं कागदाच्याच नियमाने जगत राहिले.

एचडीआर फोटोत पांढरा दोन जागी असतो. एक कागदाचा पांढरा, म्हणजे सदरा, भिंत, ढग. त्याच्या वरची मोकळी जागा म्हणजे हेडरूम, आणि ती स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, हे कॅमेरा हाताळणाऱ्याला सांगायला नको. समजा पडदा जास्तीत जास्त १,६०० निट देतो. त्यावर कागदाचा पांढरा १०० निटांवर ठेवला तर वर सोळा पट, म्हणजे चार स्टॉप जागा मिळते. पांढरा २०० वर नेला तर तीन स्टॉप. ४०० वर नेला तर दोनच. पडद्याचा ब्राइटनेस वाढवला की एचडीआर जास्त दिसेल असं वाटतं, घडतं नेमकं उलट. खोलीच्या उंचीइतकंच छत आहे, जमीन वर उचलली की डोक्यावरची जागा कमी होणार.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. मला मात्र तीच सगळ्यांत मोलाची वाटते. जुन्या नियमात उजेड आणि रंग एकमेकांच्या जागेवर डोळा ठेवून असतात. एसआरजीबीतला शुद्ध लाल रंग पूर्ण ताकदीने लावला तरी त्याचा उजळपणा पांढऱ्याच्या साधारण एक पंचमांश भरतो. गडद केशरी पांढऱ्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. त्याहून उजळ करायचा तर त्यात हिरवा आणि निळा मिसळावा लागतो, म्हणजेच तो फिकट होत पांढऱ्याकडे सरकतो. म्हणून साध्या फोटोत ज्योत एकतर केशरी असते पण मंद, नाहीतर उजळ असते पण पांढरी. मावळतीचा सूर्य, गाडीचे मागचे लाल दिवे, कागदी आकाशकंदिलाच्या आतला उजेड, सगळ्यांची हीच गत. वर जागा मिळाली की केशरी रंग केशरी राहूनच पांढऱ्यापेक्षा उजळ होऊ शकतो. एचडीआरचा खरा फायदा मला इथे दिसला. पणतीची ज्योत पहिल्यांदा पडद्यावर पेटलेली वाटली ती यामुळेच.

रॉ फाइलच का?

कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश सरळ मोजतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या, ८,१९२, एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपला मिळतात. म्हणजे उजळ भागातला तपशील रॉ फाइलमध्ये ठासून भरलेला असतो. जेपेग करताना कॅमेरा याच भागाला सर्वांत जास्त दाबतो आणि सगळं मिळून २५६ पायऱ्यांत बसवतो. असं दाबलेलं जेपेग नंतर ताणून एचडीआर करता येईलही, पण ताणलेल्या जागी पायऱ्या उघड्या पडतात.

रॉ जादूगार नाही, हेही लगेच सांगितलं पाहिजे. फोटो काढतानाच हायलाइट उडाले असतील तर तिथे तपशील नाही म्हणजे नाहीच. साध्या फोटोत उडालेला हायलाइट हा पांढरा ठिपका म्हणून खपून जातो. एचडीआरमध्ये तोच ठिपका डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा दिसतो, सपाट आणि झगझगीत. म्हणून घाटावर असतानाच एक्सपोजर ज्योतींकडे बघून ठरवायचं, एखादा स्टॉप कमीच ठेवायचा, आणि पायऱ्यांचा अंधार नंतर उचलायचा. ज्योतीत लाल रंग सर्वांत आधी उडतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघायची सवय इथे कामी येते. तो हिस्टोग्राम कॅमेऱ्याच्या जेपेगवरून काढलेला असतो. रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते, पण तिच्या भरवशावर फार उडी मारू नये.

सुरुवात पडद्यापासून

बटण शोधण्याआधी पडदा तपासा. एचडीआर न दाखवणाऱ्या पडद्यावर हे एडिटिंग करणं म्हणजे आवाज बंद ठेवून तबला लावण्यासारखं. सॉफ्टवेअर अडवणार नाही, पण तुम्हाला कळणारही नाही.

२०२१ पासूनच्या चौदा आणि सोळा इंची मॅकबुक प्रोचा पडदा या कामाला उत्तम आहे. तो पूर्ण पडद्यावर १,००० निट सतत आणि लहान भागात १,६०० निटांपर्यंत देतो. बाजारातल्या बाहेरच्या मॉनिटरांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, आणि आत असतो डिस्प्लेएचडीआर ४०० या सर्वांत खालच्या पायरीचा पडदा. त्याचा कमाल उजळपणा ४०० निट, आणि पडद्याच्या वेगवेगळ्या भागांचा मागचा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करण्याची सक्ती त्या पायरीला नाही. पांढरा २०० निटांवर धरला तर वर एकच स्टॉप उरतो. शिवाय ज्योत उजळ करायची म्हणून मागचा दिवा वाढला की आभाळाचा काळा रंगही राखाडी होतो. १,००० च्या पायरीचा, किंवा प्रत्येक बिंदू स्वतंत्र उजळणारा ओलेड पडदा असेल तर या कामाला अर्थ आहे. या बाबतीत माझं मत पक्कं आहे: ४०० वाल्या पडद्यावर केलेल्या एचडीआर एडिटवर विश्वास ठेवू नका.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेच्या पानावर प्रीसेट असतात. तिथे ॲपलचा नेहमीचा एक्सडीआर प्रीसेट निवडा. ‘फोटोग्राफी’ नावाचा प्रीसेट आपल्यासाठीच असेल असं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. तो पांढरा एका ठरावीक पातळीवर बांधतो आणि त्यावरची जागाच बंद करतो. साध्या फोटोंसाठी तो छान आहे, या कामाला नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, एचडीआर या वाटेने जाऊन ‘यूझ एचडीआर’ चालू करायचं. कळफलकावरून विंडोज, ऑल्ट आणि बी या तीन कळा एकत्र दाबूनही ते चालू-बंद होतं. तिथेच साध्या मजकुराचा उजळपणा ठरवणारी एक पट्टी आहे. ती पट्टी म्हणजेच वर सांगितलेली जमीन, तेव्हा ती खालीच राहू द्या. लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल तर काही सेटिंग्जमध्ये एचडीआर आपोआप बंद होतं. अर्धा तास ‘कालपर्यंत तर चालत होतं’ म्हणत बसण्याआधी चार्जर लावून बघा. मी बसलो होतो.

खोलीतला प्रकाश मंद आणि स्थिर ठेवा. आपोआप ब्राइटनेस बदलणाऱ्या आणि रंगाची ऊब बदलणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. दोन मॉनिटर असतील तर सॉफ्टवेअरची खिडकी एचडीआर मॉनिटरवर ओढून घ्या. सॉफ्टवेअरच्या परफॉर्मन्स सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर वापरण्याची परवानगी चालू असली पाहिजे.

बटण दाबल्यावर

आधी त्या फोटोची व्हर्च्युअल कॉपी करून ठेवा. साधा एडिट आणि एचडीआर एडिट हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाच प्रतीवर दोन्ही करायला गेलं की दोन्हींची वाट लागते.

लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलप विभागात बेसिक पॅनलवर, ‘ऑटो’च्याच ओळीत, ‘एचडीआर’ हे बटण आहे. लाइटरूममध्ये ते लाइट पॅनलमध्ये असतं. दाबल्याबरोबर दोन गोष्टी होतात. फोटोतले उजळ भाग एकदम भडकतात, कारण त्यांना दाबून ठेवणारा हात निघून गेलेला असतो. आणि हिस्टोग्राम दुभंगतो. एका उभ्या रेघेच्या डावीकडे नेहमीचा, कागदाच्या पांढऱ्यापर्यंतचा भाग, उजवीकडे त्यावरचे चार स्टॉप. तुमचा पडदा त्यातलं जितकं दाखवू शकतो तितकं पिवळ्या रंगाने दाखवलं जातं, आणि पडद्याच्या आवाक्याबाहेरचं लाल रंगाने. लाल भाग फोटोत असतो, तुम्हाला दिसत नसतो एवढंच.

‘व्हिज्युअलाइज एचडीआर’ ही चौकट खूण करून चालू केली की कागदाच्या पांढऱ्यापलीकडे गेलेले भाग फोटोवरच रंगांनी दाखवले जातात, स्टॉपनुसार वेगवेगळ्या. सुरुवातीला ही चौकट दर दोन मिनिटांनी उघडून बघावी. डोळे फसतात, हे रंग फसत नाहीत.

‘एचडीआर लिमिट’ नावाचा स्लायडर फोटो किती स्टॉपपर्यंत वर जाऊ शकतो त्यावर मर्यादा घालतो. तुमचा पडदा तीनच स्टॉप दाखवत असेल तर मर्यादाही तीनच ठेवलेली बरी. आपण न पाहिलेला उजेड दुसऱ्याच्या चांगल्या पडद्यावर जाऊन काय गोंधळ घालेल ते सांगता येत नाही.

ज्योत, पाणी आणि पांढरा सदरा

आता एडिट. इथे बहुतेकांचा हात एक्सपोजरच्या स्लायडरकडे जातो, आणि फोटो बिघडतो तो तिथेच. एक्सपोजर वाढवलं की सगळाच फोटो छताकडे ढकलला जातो. पायऱ्या, चेहरे, सदरे सगळे उजळतात आणि ज्योतीचं वेगळेपण पुन्हा नाहीसं होतं. एचडीआरचा परिणाम दोन गोष्टींमधल्या अंतरातून होतो. ते अंतर राखायचं तर सदऱ्याला जमिनीवरच राहावं लागतं.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा मधल्या आणि गडद भागांकडे बघायचं, जणू वरचा भाग नाहीच. पायऱ्यांचा दगड दगडासारखा दिसावा, चेहरे ओळखू यावेत, पहाटेचं आभाळ निळंकाळं राहावं. त्यानंतर पांढऱ्या वस्तू शोधायच्या, सदरा, धोतर, देवळाची चुना लावलेली भिंत. त्या सगळ्या रेघेच्या डावीकडे असल्या पाहिजेत. पलीकडे गेल्या असतील तर हायलाइट्स खाली आणायचे किंवा मास्क लावून तेवढाच भाग उतरवायचा. सदरा स्वतः प्रकाश देऊ लागला की तो सदरा राहत नाही, ट्यूबलाइट होतो.

हे झाल्यावर उरतं ते दोनच प्रकारचं: स्वतः प्रकाश देणाऱ्या गोष्टी आणि चमकणाऱ्या गोष्टी. ज्योत, दिव्यांच्या माळा, आतषबाजी, सूर्याची कोर पहिल्यात. पाण्यावरची चमक, पितळी समईची कड, पैठणीची जर, नथीतल्या मोत्यावरचा ठिपका दुसऱ्यात. रेघेच्या उजवीकडची जागा यांचीच. व्हाइट्सचा स्लायडर हळूहळू उजवीकडे नेताना मी ‘व्हिज्युअलाइज’ची चौकट उघडी ठेवतो. रंग फक्त ज्योतींवर आणि पाण्यावरच्या चमकेवर दिसत असतील तर ठीक. ज्योतीचा गाभा दोन स्टॉपच्या आसपास, तिची प्रतिबिंबं त्याहून खाली, हे प्रमाण मला घाटाच्या फोटोत पटतं. चारही स्टॉप भरलेच पाहिजेत असा नियम नाही. ताटात वाढलंय म्हणून सगळं संपवायचं, ही सवय जेवणापुरती बरी.

उजळ भागाचा आकारही महत्त्वाचा. फोटोच्या शंभरातल्या दोन-तीन भागांत असलेली चमक मोहक वाटते. अर्धं आभाळ तीन स्टॉप वर नेलं तर बघणारा डोळे मिटून घेतो. कोकणकड्यावरचा सूर्यास्त करताना मी ही चूक पुरेपूर केली आहे. सूर्य वर न्यायचा होता, मी सूर्याभोवतीचं सगळं धुकं वर नेलं. रात्री फोनवर तो फोटो उघडला तेव्हा खोलीत दिवा लावल्यासारखं झालं.

सॅच्युरेशन या मोडमध्ये जपून वापरावं. उजळ भागात रंग आता आपोआप टिकतात. साध्या एडिटच्या सवयीने व्हायब्रन्स वीस-पंचवीसने ढकलला तर ज्योती सरबतासारख्या दिसायला लागतात.

दुसरी प्रत, जी बहुतेकांना दिसेल

तुमचा फोटो बघणाऱ्यांतल्या अनेकांच्या पडद्यात ही वरची जागा नसेल. कुणी ऑफिसच्या जुन्या मॉनिटरवर बघेल, कुणी फोनवर भर उन्हात, जिथे फोनची सगळी ताकद पांढरा दिसण्यातच खर्च होते. कुणाचा फोन बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये असेल. या सगळ्यांना फोटोचं साधं, म्हणजे एसडीआर रूप दिसणार. ते रूप सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने बनवतं, आणि तो अंदाज बऱ्याचदा बेचव असतो.

म्हणून ‘प्रिव्ह्यू फॉर एसडीआर डिस्प्ले’ ही चौकट उघडा. तिच्याखाली ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, हायलाइट्स, शॅडोज असे वेगळे स्लायडर मिळतात. ते फक्त साध्या रूपावर चालतात, एचडीआर रूपाला हात लावत नाहीत. आधी केलेली व्हर्च्युअल कॉपी शेजारी ठेवून तिच्याइतकं चांगलं दिसेपर्यंत हे स्लायडर फिरवा. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि जवळपास सगळेच ते टाळतात. मी मात्र साधं रूप मनासारखं झाल्याशिवाय फोटो बाहेर काढत नाही.

एकाच फाइलमध्ये दोन फोटो

एक्स्पोर्टच्या खिडकीत फाइल सेटिंग्जमध्ये ‘एचडीआर आउटपुट’ ही चौकट असते. ती रिकामी राहिली तर इतका सगळा खटाटोप करून हाती साधा फोटो येतो. ती चालू केल्यावर ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ असा आणखी एक पर्याय दिसतो. तो चालू ठेवा. त्यामुळे फाइलमध्ये गेन मॅप बसतो.

गेन मॅपची युक्ती सुंदर आहे. फाइलचा मुख्य भाग म्हणजे नेहमीचं साधं जेपेग, जगातल्या कुठल्याही जुन्या सॉफ्टवेअरला उघडता येईल असं. त्याच्या पोटात दुसरं एक चित्र असतं. प्रत्येक बिंदूला साध्या रूपापेक्षा किती स्टॉप वर न्यायचं, एवढीच माहिती त्यात लिहिलेली. जुनं सॉफ्टवेअर या दुसऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करतं. नवं सॉफ्टवेअर आधी पडद्याला विचारतं की तुझ्याकडे जागा किती, आणि मग नकाशातलं तेवढंच लागू करतं. चार स्टॉपचा पडदा असेल तर पूर्ण, एका स्टॉपचा असेल तर थोडं, जागाच नसेल तर काहीच नाही. म्हणूनच मघाचं साधं रूप नीट करणं महत्त्वाचं होतं. तोच या फाइलचा पाया आहे.

आयफोन अशा धर्तीचा नकाशा फोटोत कित्येक वर्षं ठेवत आला आहे. गूगलने २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ बरोबर ‘अल्ट्रा एचडीआर’ या नावाने हेच आणलं. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी होती. २०२५ मध्ये आयएसओ २१४९६-१ हे मानक प्रसिद्ध झालं आणि सगळ्यांना एक समान भाषा मिळाली.

जेपेग निवडा, रंगांसाठी एचडीआर पी३ निवडा, आणि बहुतेक कामांसाठी एवढं पुरेसं आहे. एव्हिफ फाइल आकाराने लहान आणि दर्जाने सरस असते, पण ती न उघडणारे कार्यक्रम अजून भेटतात. क्रोम ब्राउझर आणि इन्स्टाग्राम गेन मॅपवाले फोटो दाखवतात. निरोप पाठवण्याच्या ॲपमधून फोटो पाठवताना मात्र ते ॲप फोटो पुन्हा दाबत असेल तर नकाशा उरेलच असं नाही. पाहुण्यांना लग्नाचे फोटो द्यायचे असतील तर फाइल म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हचा दुवा द्या.

लग्नाच्या कामात आणखी एक पथ्य आहे. अल्बममधले पाच-सहा फोटो एचडीआर आणि बाकीचे साधे असं मिसळून देऊ नका. एका झगमगत्या फोटोनंतर येणारा साधा फोटो, कितीही चांगला असला तरी, मळकट वाटतो. डोळ्यांनी उजेडाचं नवं माप घेतलेलं असतं. द्यायची तर संध्याकाळची, दिव्यांच्या रोषणाईतली अख्खी मालिका एचडीआर द्या, आणि सकाळचे विधी साधे ठेवा.

छपाईला पाठवताना

कागदाला वरची जागा नाही, आणि कधी असणारही नाही. चांगल्या चकचकीत कागदावरही सर्वांत गडद शाईपासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंतचं अंतर मोजकंच असतं. एचडीआर फाइल छपाईला गेली तर ती तिथल्या सॉफ्टवेअरला कळेल का, आणि कळली तर ते ती कशी दाबेल, यावर तुमचा ताबा राहत नाही. तेव्हा दिवाळी अंकासाठी फोटो मागितला, तर सुरुवातीला केलेली ती साधी व्हर्च्युअल कॉपी उघडा, तिच्यावरचं एचडीआर बटण बंद असल्याची खात्री करा, तिची टिफ काढा आणि संपादकांना तीच पाठवा.